संगणकाचा ताप

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे नाव तुम्ही ऐकले असेल. पुण्याहून पश्चिमेकडे निघाले की पिरंगुट लागते, मग पौड लागते. पुढे मुळशीचे मोठे धरण दिसते आणि शेवटी ताम्हिणी घाटातून रस्ता कोकणात उतरतो. पावसाळ्यात या भागात इतका पाऊस पडतो, की घरातल्या भिंतींनाही ओल येते. याच तालुक्यात हिंजवडी आहे. तेथे काचेच्या उंच इमारतींमध्ये हजारो संगणक थंड हवेत चालतात आणि त्यांची काळजी घ्यायला खास माणसे असतात. घाटाकडच्या एखाद्या गावात मात्र शाळेच्या कौलारू खोलीत एकच डेस्कटॉप संगणक असतो. धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर जुनी चादर घातलेली असते. तो आजारी पडला तर त्याची नाडी कोण पाहणार?

समजा, तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात संगणकावर सात-बाराचे उतारे काढून मिळतात. लांबच्या वाडीवरून एक शेतकरी सकाळच्या एसटीने आला आहे. त्याचा नंबर येतो आणि संगणक एकाएकी बंद पडतो. पुन्हा चालू केला, दहा मिनिटांनी पुन्हा बंद. कोणी तरी म्हणते, "प्रोसेसरचे तापमान पाहा." पाहिले तर आकडा दिसतो ९७ अंश सेल्सिअस! शेजारच्या दुसऱ्या संगणकावर पाहिले तर तेथे आकडा आहे १२. खोलीतली हवा तर २८ अंशांची आहे. आता एक जण म्हणतो, "प्रोसेसर जळाला, नवा आणा." दुसरा म्हणतो, "आकडाच खोटा आहे, लक्ष देऊ नका." पहिल्याचे ऐकले आणि तो चुकला, तर हजारो रुपये वाया जातील. दुसऱ्याचे ऐकले आणि तो चुकला, तर चांगला संगणक हातचा जाईल. मग खरे कसे ओळखायचे? ते आपण या पाठात पाहू.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, हे तुम्हांला माहीत आहे. सिलिकॉनची ही चकती जवळजवळ अंगठ्याच्या नखाएवढी असते. नेहमीच्या डेस्कटॉपचा प्रोसेसर जोराने काम करू लागला की सुमारे ६५ वॉट वीज खातो. पूर्वी घरोघरी साठ वॉटचा पिवळा दिवा असे. त्या पेटत्या दिव्याला कोणी बोट लावत नसे. तेवढी उष्णता येथे नखाएवढ्या जागेत तयार होते. म्हणून प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा, पुष्कळ पात्यांचा ठोकळा बसवतात. दुकानदार त्याला हीटसिंक म्हणतात. दोघांच्या मध्ये थर्मल पेस्ट नावाचा मलम लावतात आणि ठोकळ्यावर पंखा बसवतात. प्रोसेसरची उष्णता मलमातून ठोकळ्यात जाते, ठोकळ्यातून हवेत जाते आणि पंखा ती हवा दूर लोटतो. मोठ्या संगणकांना हवा पुरत नाही. पुण्यात पाषाण येथील आयसर या संस्थेत २०१९ साली परम ब्रह्म नावाचा महासंगणक बसवला. त्याचे प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी पाणी खेळवतात.

आता हे तापमान मोजतो कोण? प्रोसेसरच्या पोटातच एक बारीकसा डायोड असतो. त्यातून ठरावीक विद्युतप्रवाह सोडला, की त्याच्या दोन टोकांमध्ये थोडासा विद्युतदाब मिळतो. डायोड एक अंशाने तापला, की हा दाब सुमारे दोन मिलिव्होल्टने कमी होतो. म्हणजे संगणक अंश मोजतच नाही, तो विद्युतदाब मोजतो आणि हिशेब करून अंश सांगतो. हिशेब आला की चूकही येऊ शकते. अशा मोजणाऱ्या भागाला संवेदक म्हणतात. बाजारात मात्र सगळे सेन्सर म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोणताही तापमापक फक्त स्वतःचे तापमान सांगतो. भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. हवामान खात्याच्या वेधशाळांत तापमापक उघड्या उन्हात टांगत नाहीत. झरोक्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून थोड्या उंचीवर, सावलीत ठेवतात. उन्हात टांगला तर तो उन्हाने तापेल आणि हवेचे म्हणून स्वतःचेच तापमान सांगेल. संगणकातही हेच घडते. १९९० नंतरच्या दशकातल्या अनेक मदरबोर्डांवर सेन्सर प्रोसेसरच्या पोटात नसे, तो प्रोसेसरच्या खाली, खाचेच्या मधल्या मोकळ्या जागेत असे. तो प्रोसेसरचे नव्हे, तर त्याच्या खालच्या हवेचे तापमान सांगे, आणि तेही उशिराने.

आजही एका संगणकात असे पाच-सहा सेन्सर असतात. एक प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्यात, म्हणजे कोअरमध्ये, एक मदरबोर्डवर, एक हार्ड डिस्कमध्ये. तापमान दाखवणारा प्रोग्राम या सगळ्यांची यादी देतो, पण प्रत्येकापुढचे नाव बरोबर असेलच असे नाही. मदरबोर्डवर या सेन्सरांचे निरोप गोळा करणारी एक चिप असते. तिला तीन-चार सेन्सर जोडण्याची सोय असते. कंपनीने त्यांतले दोनच जोडले, तर उरलेल्या जागा रिकाम्या राहतात. प्रोग्राम त्या रिकाम्या जागाही वाचतो आणि १२७ किंवा २५५ अंश, कधी तर उणे १२८ अंश दाखवतो! हे आकडे पाहून घाबरू नका. आठ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २५५ आहे. त्यांतला एक बिट अधिक-उणे दाखवण्यासाठी वापरला, तर संख्या उणे १२८ पासून १२७ पर्यंतच जाते. बिटांची ही टोके दिसली, की तेथे सेन्सरच नाही असे बहुधा समजावे. रिकाम्या घराचे दार वाजवावे आणि आपलाच आवाज परत यावा, तसे ते असते.

आणखी एक गंमत पाहा. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांत २००६ सालापासून जो सेन्सर आला, तो सरळ तापमान सांगत नाही. आपली शेवटची मर्यादा यायला अजून किती अंश उरले, एवढेच तो सांगतो. हे समजण्यासाठी मुळशीचे धरण डोळ्यांसमोर आणा. समजा, धरणावरचा माणूस पाणी किती खोल आहे हे सांगत नाही, "धरण भरायला अजून चाळीस फूट उरले" एवढेच सांगतो. पूर्ण भरलेल्या धरणाची खोली तुम्हांला ठाऊक असेल, तरच तुम्ही आजची खोली काढू शकाल. प्रोसेसरचेही तसेच आहे. मर्यादा १०० अंश असेल आणि सेन्सरने "४० उरले" असे सांगितले, तर तापमान ६० अंश. पण प्रोग्रामने मर्यादा ९० धरली, तर तो ५० दाखवील. सेन्सर खरे बोलला, हिशेब करणारा चुकला. जुना प्रोग्राम आणि नवा प्रोसेसर अशी जोडी जमली, की हा घोटाळा होतो. प्रोग्रामची नवी आवृत्ती घातली की बहुधा मिटतो.

शिवाय हा सेन्सर मर्यादेच्या जवळ असताना चांगला अचूक असतो, पण प्रोसेसर थंड असताना ढोबळ आकडा देतो. त्याला नेमले आहे ते धोक्याची सूचना द्यायला. थंडीत किती अंश थंडी आहे, याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नाही. एएमडी कंपनीच्या काही जुन्या प्रोसेसरांवर काम नसताना आकडा खोलीपेक्षाही कमी दिसे, तो यामुळेच. याच कंपनीने २०१७ साली रायझन १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर काढले, तेव्हा त्यांचा सेन्सर मुद्दाम २० अंश जास्त सांगेल अशी व्यवस्था केली होती. पंख्यांनी सगळ्या प्रोसेसरांशी एकाच नियमाने वागावे, हा त्यामागचा हेतू होता. ज्यांना हे माहीत नव्हते, ते उगाच काळजीत पडले.

आता तपासणीकडे वळू. शाळेच्या प्रयोगशाळेत तापमापक तपासायचा असेल, तर तो वितळणाऱ्या बर्फात धरतात. शून्य दाखवला की ठीक. मग उकळत्या पाण्यात धरतात. (मुळशी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. तेथे पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९८ अंशांवर उकळते. प्रयोग करताना हे विसरू नका.) प्रोसेसरला बर्फात बुडवता येत नाही. पण आपल्याला फुकटचा एक ठरलेला बिंदू मिळतो, तो म्हणजे सकाळ.

संगणक रात्रभर बंद ठेवा. सकाळपर्यंत त्याचा प्रत्येक भाग खोलीइतकाच गार झालेला असतो. खोलीत भिंतीवर साधा तापमापक टांगा आणि त्यावरचा आकडा वहीत लिहा. मग संगणक चालू करा आणि लगेच बायोस हे पान उघडा. संगणक चालू होताना डिलीट किंवा एफ-२ हे बटण दाबले, की बहुतेक संगणकांत ते उघडते. त्यात तापमानाचे आकडे असतात. मदरबोर्डचा आकडा खोलीच्या अगदी जवळ हवा. प्रोसेसर चालू होताच तापू लागतो, म्हणून त्याचा आकडा थोडा जास्त असणार. दहा-पंधरा अंश जास्त असला तरी हरकत नाही. पण रात्रभर गार पडलेल्या संगणकाने पहिल्याच क्षणी ९७ म्हटले आणि पुढेही तो आकडा हलला नाही, तर काय समजाल? एवढी उष्णता क्षणात येऊन जागच्या जागी खिळून राहत नाही. सेन्सर किंवा त्याचा हिशेब बिघडला आहे.

आकडा खोलीपेक्षा कमी दिसला, तर तोही खोटाच. येथे एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, "पण सुरईतले पाणी खोलीपेक्षा गार होते ना?" होते, कारण सुरईच्या अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. संगणकाच्या ठोकळ्यातून काही झिरपत नाही. पंखा खोलीचीच हवा त्याच्यावर मारतो. त्यामुळे साध्या पंख्याचा प्रोसेसर खोलीपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. आपल्या सेवा केंद्रातल्या त्या १२ अंशांच्या आकड्याचा निकाल येथेच लागला.

दुसरी कसोटी कामाची. ताप आलेल्या माणसाला हकीमसाहेब चालवून पाहत नाहीत, पण संगणकाला चालवून पाहावे लागते. आधी दहा मिनिटे काहीच काम देऊ नका आणि आकडा लिहा. मग मोठा व्हिडिओ लावा, किंवा संगणकाला दमवण्यासाठीच बनवलेला एखादा प्रोग्राम चालवा, आणि दर मिनिटाला आकडा लिहा. खरा आकडा कामाबरोबर चढतो आणि काम थांबले की उतरतो. सगळ्या गाभ्यांचे आकडे साधारण बरोबरीने चढउतार करतात. एकच गाभा हट्टाने एका जागी बसला असेल, तर त्याचा सेन्सर अडकला आहे असे समजा. बायोसमध्ये दिसणारा आकडा काम नसतानाच्या आकड्यापेक्षा थोडा जास्त असला, तरी गोंधळू नका. बायोसच्या पानावर प्रोसेसरला झोप घेता येत नाही, तो जागाच राहतो.

आकडा कसा चढतो, हे तर फारच बोलके असते. माझ्या मते सगळ्या तपासणीत हाच भाग महत्त्वाचा आहे आणि घाईत लोक नेमका हाच सोडून देतात. काम सुरू होताच दहा-वीस सेकंदांत आकडा चाळीसवरून नव्वदीच्या पुढे गेला, आणि काम थांबवताच तितक्याच झपाट्याने खाली आला, तर उष्णता ठोकळ्यापर्यंत पोहोचतच नाही. मलम वाळून भुकटी झाला असेल, किंवा ठोकळा पकडून ठेवणाऱ्या चार खुंट्यांपैकी एक निसटली असेल. नव्या ठोकळ्याच्या तळाला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. तो न काढताच ठोकळा बसवल्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत! याची खूणही सोपी आहे. संगणक बंद करून, वायर काढून ठोकळ्याला हळूच हात लावला, तर तो जेमतेम कोमट लागतो. आत आग आणि बाहेर गारवा, अशी ही स्थिती असते.

याउलट आकडा सावकाश, दहा-पंधरा मिनिटे चढत राहिला आणि ठोकळाही चांगला गरम लागला, तर उष्णता ठोकळ्यापर्यंत येते, पण तेथून निघत नाही. मग दोष हवेचा. पंखा अडकला असेल, किंवा पात्यांमध्ये धूळ बसली असेल. मुळशीसारख्या भागात उन्हाळ्यात रस्त्याची धूळ आणि मळणीच्या दिवसांत भाताचे तूस उडते. पावसाळ्यातली ओल लागली की हा सगळा कचरा पात्यांमध्ये गोधडीसारखा घट्ट बसतो. प्रोग्राममध्ये पंख्याचे दर मिनिटाचे फेरेही दिसतात. ते शून्य असतील, तर शोध तेथेच संपला. आणि हो, चालू संगणकावर चादर घालू नका. धुळीपासून वाचवायला घातलेली चादर हवेचा रस्ताच बंद करते. संगणक बंद करून गार झाल्यावरच ती घालावी.

संगणक उघडायचा असेल, तर शिक्षकांना किंवा घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या. आधी संगणक बंद करा, भिंतीतून वायर काढा आणि कॅबिनेटच्या धातूच्या भागाला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. धूळ काढायला मऊ ब्रश किंवा ब्लोअर घ्या. ओले फडके मुळीच नको. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरा, नाहीतर तो भरधाव फिरून खराब होतो. वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या आत वीज साठलेली असते. मलम बदलायचा असेल, तर जुना पुसून टाकून मुगाच्या दोन दाण्यांएवढा नवा पुरतो. भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवावा तसा थापू नका.

सेन्सर खरा असणे किती महत्त्वाचे आहे, हे २००१ साली जगाने पाहिले. संगणकांविषयी माहिती देणाऱ्या एका प्रकाशनाने चालू संगणकांवरचे ठोकळे काढून काय होते ते चित्रित केले. पेंटियम ४ या प्रोसेसरने पोटातल्या सेन्सरचा निरोप ओळखून आपली गती कमी केली आणि तो वाचला. त्या वेळचा ॲथलॉन प्रोसेसर मात्र काही क्षणांत धूर सोडून जळाला. त्याला वेळेवर थांबवणारी व्यवस्थाच तेव्हा नव्हती. आजचे प्रोसेसर मर्यादा जवळ आली की आधी हळू चालतात आणि तरीही तापत राहिले तर स्वतःच बंद पडतात. म्हणून आपल्या त्या सेवा केंद्रात ९७ दाखवून बंद पडलेल्या संगणकाचा आकडा बहुधा खरा असणार. तो जळाला नाही, जळू नये म्हणून थांबला. ब्रश, थोडा मलम आणि फार तर एक नवा पंखा, एवढ्यावर त्याचे काम भागण्याचा संभव मोठा आहे.

शेजारच्या १२ अंशांच्या संगणकाकडे मात्र जास्त लक्ष द्या. पंखा किती जोरात फिरवायचा, हे मदरबोर्ड सेन्सरच्या आकड्यावरूनच ठरवतो. आकडा खोटा आणि कमी असेल, तर पंखा निवांत फिरतो आणि प्रोसेसर मुकाट्याने तापत राहतो. आधी बायोस आणि प्रोग्राम यांच्या नव्या आवृत्त्या घालून पाहा. तरीही आकडा सुधारला नाही, तर बायोसमध्ये जाऊन पंखा कायम पूर्ण वेगाने फिरेल असे ठरवून द्या. आवाज थोडा जास्त येईल. सकाळचा पहिला आकडा आणि त्या वेळचे खोलीचे तापमान एका कागदावर तारखेसह लिहा आणि तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढच्या वर्षी संगणक उघडणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.